वऱ्हाडी मंडळींचा ‘ऱ’

आमच्या बडोद्याच्या घरात तीन लिप्या नांदतात. पणजोबांचे हिशेब मोडीत, माझी पत्रे बाळबोधीत आणि नातवाच्या वह्या गुजरातीत. गायकवाडांच्या दफ्तरातले कितीतरी जुने कागद मोडी मराठीत आहेत. पुढे १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात वेगळे झाले. मराठी घरात टिकली. लिपी मात्र शाळेने ठरवली. शेजार कानडीचा असो की तेलुगूचा, सीमेवरच्या वाचकांना हे निराळे सांगायला नको.

गेल्या वर्षी पुतणीचे लग्न निघाले. घरातल्या मुलांसाठी कामांच्या वाटणीचे एक लांबलचक पत्र मी संगणकावर लिहिले. मुले मराठी फर्डे बोलतात, पण बाळबोध वाचताना ठेचकाळतात. नातू म्हणाला, “आजोबा, तुम्ही लिहा. मी क्षणात गुजराती अक्षरांत करून देतो. नुसते ३८४ मिळवायचे!”

मी चक्रावलो. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो, एवढे ठाऊक होते, आणि तेही ठेच लागून. नव्वदीच्या दशकात वडिलांच्या आठवणी एका दुकानात टंकून घेतल्या होत्या. त्या काळी मराठी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवीत. पुढे ते वळण नव्या यंत्रावर नव्हते. उघडून पाहतो तो वडिलांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा! सारे पुन्हा टंकावे लागले.

वास्तविक १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे मानक काढले होते. त्यात ‘क’ देवनागरी असो वा गुजराती, क्रमांक एकच, १७९. लिपी म्हणजे जणू बदलता येणारे वस्त्र. त्याच वर्षी ऑक्टोबरात जगासाठी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिने घरांची मांडणी १९८८ च्या भारतीय आराखड्यावरून घेतली, पण प्रत्येक लिपीला १२८ घरांची स्वतंत्र आळी दिली. देवनागरीनंतर बंगाली, मग गुरुमुखी, मग गुजराती. तीन आळ्या ओलांडल्या की १२८ त्रिक ३८४. आपला ‘क’ २३२५, त्यांचा २७०९. आपला ‘ळ’ २३५५, त्यांचा २७३९. ‘ळ’ दोघांच्याही जिभेवर आहे, याचा मला उगाच आनंद झाला.

हिंदीशी मात्र आपली वाटणी झालीच नाही. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळे दिसतात, पण क्रमांक सामाईक. कोणते वळण उमटेल ते अक्षरसंचावर अवलंबून. जपान्यांचेही हेच दुखणे. त्यांनी १९७८ सालीच ६,३४९ चिनी वळणाची अक्षरे आपल्या मानकात बसवली होती. युनिकोडने चिनी, जपानी, कोरियन अशी समान अक्षरे एका क्रमांकाखाली आणली, तेव्हा आपले वळण हरवेल म्हणून तिथेही कुरकुर झाली. मोडीला तर २०१४ पर्यंत घरच नव्हते. मिळाले ते फार दूर, ७१,१६८ पासून पुढे, आणि मांडणीही निराळी. पणजोबांचे हिशेब असे एका बेरजेने हाती येणार नाहीत.

नातवाची बेरीज पहिल्या पानावर बिनचूक चालली. मग ‘वऱ्हाडी’ आले, आणि व च्या पुढे रिकामी चौकट! मराठीचा हा अर्धा र ‘ऱ’ पासून साधतात. ‘ऱ’ २३५३ वर. त्यात ३८४ मिळवले की २७३७, आणि गुजराती आळीतले ते घर रिकामे आहे. गुजरातीला त्याची गरजच नाही.

“साधा र घालतो की,” नातू म्हणाला. घातला. र चा रफार झाला. पत्रात पुढे ‘आचाऱ्यांना पाचशे रुपये विसार द्या’ असे होते, त्याचे ‘आचार्यांना’ झाले. स्वयंपाक्याचा विसार गुरुजींच्या पदरात! मी फरक समजावून सांगितला. तो हसला, दोन्ही शब्द दोनतीनदा म्हणून पाहिले आणि पुन्हा यंत्राशी बसला.

संध्याकाळी पत्र सर्वांना गेले. सगळा मजकूर गुजराती अक्षरांत, फक्त ‘वऱ्हाडी’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द बाळबोधीत. पुतणीचा धाकटा भाऊ ते मोठ्याने वाचत होता; त्या दोन ठिकाणी तो थांबला, आणि मग बरोबर वाचले.