‘हेलिकॉप्टरचा डोळा’ : संपादकीय तळटीप

* मूळ मजकुरात ‘इंजेन्युइटी’चा डोळा म्हणून १३ मेगापिक्सेलच्या रंगीत कॅमेऱ्याचा उल्लेख आहे. छायाचित्रे त्याचीच गाजली, त्यामुळे समजूत स्वाभाविक आहे. पण मंगळावरचे हे १.८ किलोचे यान उडत होते ते खाली रोखलेल्या, जेमतेम ६४० × ४८० पिक्सेलच्या कृष्णधवल कॅमेऱ्याच्या भरवशावर. पृथ्वीवरून संदेश पोचायलाच काही मिनिटे लागत, म्हणून यानाला आपली चाल दर सेकंदाला सुमारे ३० चित्रांतील दगडधोंड्यांच्या सरकण्यावरून स्वतःच ताडावी लागे. या कॅमेऱ्याचे सगळे पिक्सेल एकाच क्षणी प्रकाश टिपत. रंगीत कॅमेरा ओळीमागून ओळ वाचतो, आणि हलत्या यानातून असे चित्र तिरपे होते. मे २०२१मधील सहाव्या उड्डाणात तर एकच चित्र गळाले, पुढच्या चित्रांच्या वेळा चुकल्या आणि यान २० अंशांहून अधिक हेलकावत राहिले. चित्राच्या देखणेपणापेक्षा त्याची वेळ किती मोलाची, हे यावरून कळावे.

यावर कोणी म्हणेल, की जानेवारी २०२४मधील ७२व्या, अखेरच्या उड्डाणात याच कृष्णधवल कॅमेऱ्याने दगा दिला. खरे आहे, पण खाली होती खुणा नसलेली वाळू, आणि पिक्सेल वाढवून नसलेल्या खुणा उमटत नाहीत. रंगीत कॅमेऱ्याचे श्रेय मात्र नाकारू नये : ‘पर्सिव्हिअरन्स’ या रोव्हरच्या उतरणीचे पॅराशूट आणि फुटलेले कवच एप्रिल २०२२मध्ये त्यानेच टिपले. प्रस्तुत आवृत्तीत मूळ वाक्य तसेच ठेवले आहे.