कॉन्सिएर्जरी : राणीच्या कोठडीपलीकडचा तुरुंग

पॅरिसमध्ये सीन नदीतील सिते बेटावर असलेली कॉन्सिएर्जरी ही वास्तू मूळची फ्रान्सच्या राजांच्या मध्ययुगीन प्रासादाचा भाग आहे. पुढे ती तुरुंग झाली आणि आज संग्रहालय म्हणून खुली आहे. राणी मारी आंत्वानेत हिच्या अखेरच्या कारावासामुळे ती जगभर परिचित असली, तरी तिच्या इतिहासाचा मोठा भाग सामान्य कैद्यांचा आहे.

चौदाव्या शतकाच्या प्रारंभी राजा फिलिप चौथा याने प्रासादाचा विस्तार केला. त्या वेळचे सुमारे ६४ मीटर लांबीचे दालन अद्याप शाबूत आहे. राजाच्या सेवकवर्गाचे भोजन तेथे होत असे. १३५८ मध्ये एतिएन मार्सेलच्या नेतृत्वाखालील बंडखोरांनी प्रासादात शिरून युवराजाच्या डोळ्यांदेखत त्याच्या दोन सेनाधिकाऱ्यांना ठार केले. हा युवराज चार्ल्स पाचवा म्हणून गादीवर आला आणि त्याने आपले निवासस्थान अन्यत्र हलवले. न्यायालये मात्र येथेच राहिली. प्रासादाची देखरेख करणाऱ्या ‘कॉन्सिएर्ज’ या अधिकाऱ्याच्या पदावरून वास्तूला नाव मिळाले, आणि शतकाच्या अखेरीस तिचा काही भाग तुरुंग बनला.

या तुरुंगातील वागणूक कैद्याच्या ऐपतीवर ठरत असे. पैसे मोजणाऱ्याला खाट असलेली कोठडी मिळे. गरिबांना दाटीवाटीने पेंढ्यावर झोपावे लागे.

मार्च १७९३ मध्ये याच संकुलात क्रांतिकारी न्यायाधिकरण स्थापन झाले. ऑगस्टच्या प्रारंभी येथे आणलेल्या राणीला १६ ऑक्टोबर रोजी गिलोटिनवर चढवण्यात आले. जून १७९४ च्या कायद्याने आरोपींचा वकील घेण्याचा हक्क काढून घेतला. निर्दोष मुक्तता किंवा मृत्युदंड हे दोनच निकाल शिल्लक ठेवले. सरदार व धर्मगुरूंबरोबरच कारागीर, दुकानदार आणि नोकरचाकरही या खटल्यांत भरडले गेले. जुलैअखेर सत्ताच्युत झालेल्या रोबेस्पिअरलाही येथे आणून त्याच दिवशी देहदंड देण्यात आला. न्यायाधिकरणाचा सरकारी वकील फुकिए-तँव्हील १७९५ मध्ये त्याच शिक्षेला सामोरा गेला.

राजेशाही परतल्यावर अठराव्या लुईने राणीच्या कोठडीच्या जागी स्मृतिमंदिर उभारले. त्यामुळे मूळ कोठडी जुन्या स्वरूपात उरली नाही. १८६२ मध्ये वास्तूला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. १९१४ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली, तरी तुरुंग म्हणून तिचा वापर १९३४ पर्यंत सुरूच होता.

आज संग्रहालयातील एका दालनात न्यायाधिकरणापुढे उभ्या केलेल्या चार हजारांहून अधिक व्यक्तींची नावे मांडलेली आहेत. त्यांतील बहुतेकांसाठी कोणतेही स्मृतिमंदिर कधी उभारले गेले नाही.