एका क्लिकचा जाऊन-येऊन प्रवास

पहिल्या नोकरीत मी कार्डाच्या आत ‘डिलीट’ बटण ठेवलं. ते दाबलं की कार्डही उघडायचं. रात्रभर जागलो. चूक माझीच, पण गोष्ट जुनी निघाली.

१९९५ मध्ये ब्रेंडन आइकने नेटस्केपसाठी १० दिवसांत जावास्क्रिप्ट रचली. १९९७ ला वाद पेटला: क्लिक आधी कोणाला कळवायचं? नेटस्केप ४ म्हणे, बाहेरून आत. इंटरनेट एक्सप्लोरर ४ म्हणे, आतून बाहेर. डेव्हलपर दोन्हीकडून भरडले गेले.

२००० मध्ये डब्ल्यूथ्रीसीने दोघांचंही ऐकलं: आधी आत जा, मग बाहेर या. एक्सप्लोररने हे मानलं थेट २०११ मध्ये, नवव्या आवृत्तीत.

माझा बग त्याच परतीच्या वाटेवर होता. ‘स्टॉप प्रोपगेशन’ची एक ओळ टाकली, क्लिक बटणापाशीच थांबलं. मग झोपलो!