खर्ज, पेटी आणि वॉट : घरगुती ध्वनियंत्रणेचा जुना हिशेब

निवृत्तीच्या सुमारास अनेक घरांत एक जुनी इच्छा वर येते. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आलेली असते, मुले मार्गी लागलेली असतात, आणि नोकरीच्या धबडग्यात राहून गेलेले ऐकणे आता सावकाश ऐकावे, त्यासाठी घरी एक उत्तम ध्वनियंत्रणा घ्यावी, असे मनात येते. दुकानात पाऊल टाकताच आकडे सुरू होतात. लाखांचे स्पीकर, तितकाच महाग अ‍ॅम्प्लिफायर, हजारोंच्या तारा. यांतले काय घ्यावे हा प्रश्न आजचा वाटतो खरा. पण त्याची मुख्य उत्तरे १९४६ ते १९५७ या अकरा वर्षांत तीन माणसांनी देऊन ठेवली आहेत. आजचा धागा त्या तिघांविषयी आहे, आणि त्यांच्या मतभेदाचा हिशेब एका सूत्रात मांडणाऱ्या चौथ्याविषयी.

प्रथम अडचण समजून घेऊ. आज घरोघरी असलेल्या बहुतेक स्पीकरांची मूळ रचना १९२५ सालची आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अभियंत्यांनी चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे ठेवून त्याला कागदी शंकू जोडला आणि तो शंकू हवा ढकलू लागला. उंच स्वरांसाठी एवढे पुरते. खालच्या स्वरांचे गणित अवघड असते. ३० हर्ट्झच्या स्वराची लहर सुमारे साडेअकरा मीटर लांब. ती निर्माण करायची तर पुष्कळ हवा हलवावी लागते. शिवाय शंकू पुढे सरकला की मागे पोकळी होते, पुढची हवा कडेने मागे धावते आणि दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून शंकूची मागची बाजू पेटीत बंद करायची. पेटी लहान केली, तर आतली हवा शंकूला हलू देत नाही. घरगुती ध्वनियंत्रणेचा सगळा इतिहास या एका पेचाभोवती फिरतो.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत हा पेच फारसा कोणाला जाचत नव्हता. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-चार मिनिटे गाणे मावे आणि खरखर इतकी असे की खोल खर्जाची अपेक्षाच नसे. मग दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. एप्रिल १९४७ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी १५ वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा छापला. त्याची विकृती एक दशांश टक्क्याहून कमी होती, आणि हौशी मंडळींनी जगभर तो स्वतः जोडून पाहिला. पुढच्याच वर्षी, जून १९४८ मध्ये, कोलंबिया कंपनीने एलपी बाजारात आणली. एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत, तेही शांत पार्श्वभूमीवर. आता तबकडी चांगली, अ‍ॅम्प्लिफायर चांगला; मागे पडला तो स्पीकर.

पहिले उत्तर पॉल क्लिप्श यांचे. युद्धकाळात अमेरिकेच्या आर्कान्सॉ राज्यातील होप या गावी लष्कराच्या दारूगोळा-चाचणी केंद्रावर ते नेमणुकीस होते. युद्धानंतर तिथेच राहिले आणि १९४६ मध्ये त्यांनी कंपनी काढली. त्यांचा आधार होता कर्णा. आपल्या जत्रेतला, मिरवणुकीतला कर्णा थोड्या विजेत मोठा आवाज काढतो, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र खर्जासाठी कर्णा खोलीएवढा हवा. क्लिप्श यांनी तो लाकडी पेटीत घडी घालून बसवला आणि ती पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. कोपऱ्याच्या दोन भिंतीच कर्ण्याचे पुढचे तोंड बनल्या. हा 'क्लिप्शहॉर्न' चार फुटांहून उंच असून एक-दोन वॉटवर दिवाणखाना भरून टाकतो. आजही तो बनतो. अट एवढीच की घरात दोन रिकामे, भक्कम कोपरे हवेत. आपल्या सदनिकांत एका कोपऱ्यात दार असते आणि दुसऱ्यात देवघर.

दुसरे उत्तर एडगर व्हिल्चर यांचे, आणि माझ्या मते या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा माणूस. व्हिल्चर शिक्षक होते. न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनिपुनरुत्पादनाचा वर्ग घेत. त्या काळचे स्पीकर-निर्माते शंकूला ताठ कडा लावत, म्हणजे तो आपल्या जागी परत येई. ही ताठ कडा शंकू जास्त हलला की वेडीवाकडी ओढ लावते आणि खर्ज विद्रूप होतो. व्हिल्चर यांनी उलटा विचार केला. पेटीत कोंडलेली हवा शंकूला अडवते, ही तक्रार ना? मग त्याच हवेला स्प्रिंगचे काम द्यावे. शंकूची कडा अगदी सैल ठेवावी, पेटी हवाबंद करावी आणि लहानच ठेवावी. धातूच्या वा कापडाच्या स्प्रिंगपेक्षा हवेची स्प्रिंग कितीतरी एकसारखी वागते. सैल कडेचा नमुना त्यांच्या पत्नी रोझमेरी यांनी कापून शिवला. पहिले कापड गादीच्या अभ्र्याचे होते.

प्रस्थापित निर्मात्यांनी ही कल्पना घेतली नाही. तेव्हा वर्गातील विद्यार्थी हेन्री क्लॉस यांना जोडीला घेऊन व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे अ‍ॅकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. त्यांचा 'एआर-१' पुस्तकांच्या फळीवर मावे, आणि त्यातून निघणारा खर्ज कपाटाएवढ्या पेट्यांना मागे टाकी. १९५८ मध्ये 'एआर-३' आला. त्यात उंच स्वरांसाठी घुमटाकार ट्वीटर होता. आज जवळजवळ प्रत्येक स्पीकरवर दिसणारा तो छोटा घुमट इथून आला. त्याच वर्षी स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. घरात एका अजस्र पेटीला जागा करून देणारे कुटुंब दुसरीला तयार होईना, आणि लहान पेटीचे दिवस आले.

कंपनीने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात एक श्रवणकक्ष उघडला होता. तिथे काही विकत मिळत नसे. यावे, बसावे, ऐकावे आणि जावे. फाइन आर्ट्स क्वार्टेट या वादकचमूला घेऊन त्यांनी जाहीर मैफलीही केल्या. वादक मधूनच वाजवणे थांबवून नुसता अभिनय करत आणि ध्वनिमुद्रण सुरू राही. बदल कुठे झाला हे बहुतेकांच्या ध्यानात येत नसे. असे प्रयोग एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून केले होते. त्यांतील गायिका अ‍ॅना केस यांनी पुढे उतारवयात सांगितले, की आपण आवाज यंत्राच्या बेताने लावत असू. 'हुबेहूब' या शब्दाची जाहिरात किती जुनी आहे, हे दुकानात ध्यानी असलेले बरे.

तिसरे उत्तर इंग्लंडातील हंटिंग्डन येथून आले. पीटर वॉकर यांनी पेटीच काढून टाकली. 'क्वाड' या नावाने १९५७ मध्ये बाजारात आलेल्या त्यांच्या स्पीकरमध्ये केसाहूनही पातळ प्लास्टिकचा ताणलेला पडदा होता. त्याच्यावर काही हजार व्होल्टचा विद्युतभार ठेवून पुढच्या-मागच्या सच्छिद्र पत्र्यांच्या ओढीने तो हलवायचा. या कामात त्यांना साथ होती ती त्याच विल्यमसन यांची. पडदा इतका हलका की स्वर उमटायला आणि थांबायला विलंब नाही; मानवी कंठ त्यातून जसा निघतो, तसा तोवर कोणत्याही पेटीतून निघाला नव्हता. किंमत मोजावी लागली ती अशी : खोल खर्ज नाही, फार मोठा आवाज नाही, आणि नीट ऐकू येण्याची खुर्ची जेमतेम एक. भारित पडदा धूळही ओढतो, त्यामुळे मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो सांभाळणे हा स्वतंत्र उद्योग ठरतो. तरीही १९८५ पर्यंत हे प्रारूप बनत राहिले.

या मतभेदाचा हिशेब मांडला अँटन हॉफमन यांनी. ते पदार्थविज्ञानाचे अभ्यासक आणि विख्यात पियानोवादक योझेफ हॉफमन यांचे पुत्र. १९५७ मध्ये हेन्री क्लॉस, माल्कम लो आणि हॉफमन यांनी अ‍ॅकूस्टिक रिसर्च सोडून आपल्या आद्याक्षरांची 'केएलएच' कंपनी काढली होती. हॉफमन यांचे सूत्र पुढे 'लोखंडी नियम' म्हणून प्रसिद्ध झाले. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच मिळतात. क्लिप्श यांनी पेटी लहान ठेवण्याचा आग्रह सोडला, व्हिल्चर यांनी विजेचा.

नियमातले आकडे कठोर आहेत. स्पीकरचा स्वर एक सप्तक खाली न्यायचा, म्हणजे वारंवारता निम्मी करायची, आणि विजेची गरज तेवढीच ठेवायची, तर पेटी आठपट मोठी लागते. पेटी तेवढीच ठेवली तर वीज आठपट लागते. १० वॉटच्या जागी ८०. ध्वनियंत्रणेची किंमत प्रामुख्याने इथे वाढते.

म्हणून खरा प्रश्न असा, की तुम्हाला किती खाली जायचे आहे? पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झ. बास गिटारची जाड तार ४१. चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनचा खर्ज १६ पर्यंत उतरतो. आता आपला तंबोरा पाहा. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते; काळी चारच्या गायिकेची १०४ वर. डग्ग्याचा घुमाराही यांच्या फार खाली जात नाही. शिवाय तंबोऱ्याचे बहुतेक वैभव जवारीतून फुटणाऱ्या वरच्या स्वरांत असते. मूळ स्वर क्षीण असला तरी त्या वरच्या स्वरांवरून कान तो भरून घेतो. एरवी छोट्या ट्रान्झिस्टरवर दोन पिढ्यांनी आकाशवाणीची मैफल ऐकली नसती. ख्याल, नाट्यसंगीत आणि अभंग ऐकणाऱ्याने ३५ हर्ट्झपर्यंत उतरणारी यंत्रणा घेणे म्हणजे सत्तरीच्या खाली एका रिकाम्या सप्तकासाठी आठपट पेटी किंवा आठपट वीज विकत घेणे होय. चित्रपटसंगीताचा वा पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा शौक असेल तर गोष्ट वेगळी.

जुन्या तबकड्यांची आवड असेल तर गणित आणखी सोपे होते. स्टिरिओचे एकस्व ब्रिटिश अभियंता अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्येच मागितले होते, पण तशा तबकड्या दुकानात यायला १९५८ उजाडले. अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये वारले. केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली, तिची लांबी साडेतीन मिनिटांच्या आसपास आहे. हे सगळे एकाच वाहिनीवर मुद्रित झाले आहे. त्यासाठी दुसरा स्पीकर कुठलीही नवी माहिती देत नाही.

लहान पेटीने किती मजल मारता येते, याचे उदाहरण बीबीसीने १९७० च्या दशकात घालून दिले. बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत निवेदकाचा आवाज तपासण्यासाठी त्यांच्या अभियंत्यांनी 'एलएस३/५ए' नावाचा स्पीकर तयार केला. उंची फूटभर, खर्ज सत्तर-ऐंशी हर्ट्झच्या खाली ओसरणारा, वीज मागणारा. पण मानवी आवाजाबाबत विलक्षण प्रामाणिक. ध्वनिरसिकांनी तो गाडीतून घरात नेला आणि आजही त्याच्या आवृत्त्या निघतात. खयालासाठी, विशेषतः लहान खोलीत, मला यासारखे दुसरे काही सुचवावेसे वाटत नाही.

खोलीचा उल्लेख आला आहे तर तेही सांगून टाकतो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत सुमारे ४७ आणि ५६ हर्ट्झला भिंतींमध्ये हवा घुमू लागते. या पट्ट्यात जोरकस असलेला स्पीकर तिथे ठेवला, तर प्रत्येक गाणे त्याच दोन स्वरांत गुरगुरते. ते थांबवण्याचे काम जाड तारा करत नाहीत. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढणे, आपली खुर्ची हलवणे आणि मागे पुस्तकांचे भरलेले कपाट ठेवणे यांनी पुष्कळ साधते. निवृत्त माणसाजवळ यासाठी लागणारा वेळ असतो आणि पुस्तकेही असतात.

उरला कान. वयाबरोबर श्रवणशक्ती वरून कमी होत येते. तरुणपणी वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येणाऱ्या माणसाला साठीनंतर आठ हजारांच्या पुढचे बरेचसे मंद किंवा नाहीसे झालेले असते. महागड्या यंत्रणेची मोठी रक्कम मात्र याच वरच्या टोकासाठी मागितली जाते.

व्हिल्चर यांची पुढची गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. १९६७ मध्ये त्यांनी कंपनी विकली आणि पन्नाशीत ते श्रवणयंत्रांच्या संशोधनाकडे वळले. त्यांना दिसले, की कान कमी झालेल्या माणसाला हळू आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज पूर्वीइतकेच मोठे लागतात, आणि ही तूट प्रत्येक स्वरपट्ट्यात वेगळी असते. सगळेच सरसकट मोठे करणारे यंत्र म्हणूनच कानाला टोचते. आवाजाचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यातला हळू भाग अधिक आणि मोठा भाग कमी वाढवावा, हा उपाय त्यांनी १९७३ मध्ये शोधनिबंधात मांडला. त्याचे एकस्व त्यांनी घेतले नाही. ज्याला हवे त्याने वापरावे म्हणून तो खुला ठेवला. आजची श्रवणयंत्रे याच तत्त्वावर चालतात. व्हिल्चर २०११ मध्ये ९४ व्या वर्षी वारले.

तेव्हा ध्वनियंत्रणेच्या दुकानात जाण्याआधी श्रवणचाचणी करून तिचा आलेख हाती घ्यावा. दुकानात त्यांची झगमगीत नमुनाफीत नाकारावी आणि आपल्या ओळखीचे ध्वनिमुद्रण लावायला सांगावे. शक्यतो असे, ज्यात गाणे सुरू होण्याआधी मिनिटभर नुसता तंबोरा आहे.