‘रणांगण’कार आणि रामसे यांचा वाडा

विश्राम बेडेकर म्हटले की मराठीचा विद्यार्थी ‘रणांगण’ (१९३९) आणि ‘एक झाड आणि दोन पक्षी’ ही दोन नावे घेतो. त्यांच्या चित्रपट-कारकिर्दीचा उल्लेख होतो तो जाता जाता. हिंदी भयपटाच्या इतिहासात मात्र बेडेकरांच्या एका पडलेल्या चित्रपटाचे स्थान मोलाचे आहे.

एफ. यू. रामसे, मूळचे रामसिंघानी, हे कराचीचे रेडिओ-व्यापारी. फाळणीनंतर मुंबईस येऊन त्यांनी दुकान थाटले आणि पुढे ते चित्रपटनिर्मितीत शिरले. त्यांच्या ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) आणि ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) या दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक बेडेकर होते. दुसरा चित्रपट साफ कोसळला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करतात, असा एक प्रसंग होता. प्रेक्षक तेवढ्यासाठीच येतात, हे तुलसी आणि श्याम या मुलांनी हेरले. सबंध चित्रपटच भीतीचा का करू नये, असे त्यांनी वडिलांना विचारले.

‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) महाबळेश्वरी चित्रित झाला. सात भावांनी कामे वाटून घेतली. लेखन कुमारकडे, कॅमेरा गंगूकडे, ध्वनी किरणकडे, संकलन अर्जुनकडे आणि दिग्दर्शन तुलसी-श्यामकडे. पुढे ‘दरवाजा’ (१९७८), ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८), ‘बंद दरवाजा’ (१९९०) अशी ही वाट दूरचित्रवाणीवरील ‘झी हॉरर शो’पर्यंत (१९९३) गेली.

या चित्रपटांतील ओढूनताणून आणलेला विनोद आणि अंगप्रदर्शन यांचे समर्थन आम्ही करणार नाही. पण त्यांचा कथाबंध पाहावा. ‘पुराना मंदिर’मध्ये राजा हरिमानसिंग सामरी या नराधमाचा शिरच्छेद करवितो. मरताना सामरी शाप देतो की या घराण्यातील प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. वैर दोन पुरुषांचे. त्याची किंमत मात्र दोनशे वर्षे घरातल्या लेकीसुना चुकवतात. इंग्रजी गॉथिक कादंबरीचा आरंभ ज्या ‘कॅसल ऑफ ऑट्रँटो’पासून (१७६४) मानतात, तिचेही मर्म हेच आहे: पूर्वजांचे पाप वंशजांच्या माथी. वॉलपोल अभ्यासक्रमात लागतो आणि रामसे थट्टेचा विषय होतात, हा भेद केवळ गुणवत्तेचा आहे, असे आम्हांस वाटत नाही. त्यात भाषेची प्रतिष्ठा आहे आणि स्वस्त तिकिटाविषयीचा तिटकाराही.

आणखी एक गोष्ट सुचते. गॉथिकला वडिलोपार्जित वाडा लागतो, आणि रामसे कुटुंबाचे घर तर कराचीस राहिले होते. भीतीसाठी ते दुसऱ्यांचे वाडे शोधत हिंडले. ‘पुरानी हवेली’साठी (१९८९) मुरुडच्या नबाबाच्या राजवाड्यापर्यंत गेले. ‘रणांगण’ची हेर्टाही घर हिरावलेलीच. बेडेकरांनी बेघरपण बोटीवर मांडले, रामसे बंधूंनी पडक्या वाड्यात. दोघांची तुलना कलेच्या पातळीवर होऊ शकत नाही. पण मागे राहिलेले घर माणसाचा पाठलाग सोडत नाही, ही जाणीव दोहोंकडे आढळते.

तुलसी रामसे २०१८ साली गेले, श्याम २०१९ साली. बेडेकरांवर पुढे कुणी प्रबंध लिहील, तेव्हा १९७० च्या त्या अपयशाला त्यात एक प्रकरण मिळावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.