जॉर्ज हॅरिसन : बीटल्सच्या छायेतून स्वतःच्या सुराकडे

‘बीटल्स’ या जगप्रसिद्ध ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचे प्रमुख गिटारवादक आणि पुढे स्वतंत्र गायक, गीतकार व संगीतकार म्हणून ख्याती पावलेले जॉर्ज हॅरिसन (२५ फेब्रुवारी १९४३ - २९ नोव्हेंबर २००१) यांची ओळख अनेकदा ‘शांत बीटल’ या दोन शब्दांत आटोपली जाते. हे विशेषण वृत्तपत्रांनी दिलेले आणि काहीसे दिशाभूल करणारे आहे. हॅरिसन अबोल नव्हते. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी या दोन प्रबळ गीतकारांच्या सान्निध्यात त्यांना बोलायला जागा फार थोडी मिळाली, एवढेच. ती जागा त्यांनी कशी शोधली, त्या शोधात सतार हाती घेऊन ती पुन्हा खाली का ठेवली आणि अखेर गिटारवरच स्वतःचा सूर कसा मिळवला, हीच त्यांच्या कारकिर्दीची खरी कथा आहे. तिचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत घडला आहे.

लिव्हरपूल ते हॅम्बुर्ग

हॅरिसन यांचा जन्म लिव्हरपूलमधील वेव्हरट्री भागात एका छोट्याशा चाळवजा घरात झाला. वडील हॅरोल्ड बसवाहक होते, पुढे ते बसचालक झाले. चार भावंडांत जॉर्ज सर्वांत धाकटे. आई लुईझ यांना मुलाच्या गिटारवेडाचे कौतुक होते. शाळेच्या बसमध्ये त्यांची ओळख मॅकार्टनी यांच्याशी झाली आणि मॅकार्टनी यांनी त्यांना लेनन यांच्या ‘क्वारीमेन’ या मंडळीत आणले. पंधरा वर्षांचा हा मुलगा लेनन यांना फारच लहान वाटत होता. मात्र एका रात्री बसच्या वरच्या मजल्यावर त्याने ‘रॉन्ची’ ही धून बिनचूक वाजवून दाखवली आणि १९५८ मध्ये त्याला प्रवेश मिळाला.

१९६० मध्ये ही मंडळी जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे रात्रीच्या क्लबांमध्ये वाजवू लागली. रात्र-रात्र वादन करून हात तयार झाले. परंतु हॅरिसन अठरा वर्षांचे नसल्याचे उघड होताच नोव्हेंबरमध्ये त्यांची जर्मनीतून रवानगी करण्यात आली. त्यानंतर अवघ्या सव्वातीन वर्षांत, ९ फेब्रुवारी १९६४ रोजी, अमेरिकेतील ‘एड सलिव्हन शो’मध्ये बीटल्सना सुमारे ७ कोटी ३० लाख प्रेक्षकांनी पाहिले. त्याच वर्षी ‘अ हार्ड डेज नाइट’ या गीतात हॅरिसन यांनी वाजवलेल्या बारा तारांच्या रिकनबॅकर गिटारचा झणत्कार इतका नवा होता, की ‘द बर्ड्स’सारख्या अमेरिकी वाद्यवृंदाने त्याच नादावर आपली शैली उभारली.

तिसऱ्या स्थानावरचा गीतकार

१९६३ मध्ये ‘डोंट बॉदर मी’ हे हॅरिसन यांचे पहिले गीत बीटल्सच्या दुसऱ्या अल्बममध्ये समाविष्ट झाले. पुढे मात्र प्रत्येक अल्बममध्ये त्यांच्या वाट्याला साधारणतः एक-दोन गीतेच येत. लेनन-मॅकार्टनी यांच्या गीतांचे काम आधी आणि वेळ उरल्यास हॅरिसन यांचे, असा अलिखित नियम होता. या कोंडीत त्यांनी आपले लक्ष दुसरीकडे वळवले.

१९६५ मध्ये ‘हेल्प!’ या चित्रपटातील उपाहारगृहाच्या एका दृश्यासाठी भारतीय वादक बोलावले होते. तेथे हॅरिसन यांनी प्रथम सतार हाती घेतली. पुढे लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एका भारतीय वस्तूंच्या दुकानातून त्यांनी एक स्वस्तातील सतार विकत घेतली आणि तीच ‘नॉर्वेजियन वुड’ या गीतात वाजवली. शास्त्रीय संगीताच्या दृष्टीने ते वादन प्राथमिकच होते. परंतु पाश्चात्त्य तरुणांच्या कानांवर सतार घालण्याचे काम त्याने केले. ‘रिव्हॉल्व्हर’ (१९६६) या अल्बममधील ‘लव्ह यू टू’ हे गीत त्यांनी पूर्णपणे भारतीय वाद्यांभोवती रचले. त्यात तबल्याची साथ अनिल भागवत यांची होती आणि त्यांचे नाव अल्बमच्या वेष्टनावर छापले गेले.

जून १९६६ मध्ये लंडनमध्ये पंडित रविशंकर यांची भेट झाली आणि कुतूहलाची जागा अभ्यासाने घेतली. सुरुवातीच्याच एका शिकवणीत दूरध्वनी वाजला म्हणून हॅरिसन सतार ओलांडून उठले, तेव्हा पंडितजींनी त्यांच्या पायावर चापट मारून वाद्याचा मान राखण्यास बजावले. ही आठवण हॅरिसन पुढे आवर्जून सांगत. ज्या तरुणापुढे लाखोंचा जमाव किंचाळत होता, त्याला ‘तुला अजून बसायलाही शिकायचे आहे’ असे सांगणारा कोणी प्रथमच भेटला होता.

मुंबईतील दोन मुक्काम

सप्टेंबर १९६६ मध्ये हॅरिसन सतार शिकण्यासाठी मुंबईत आले. मिशा वाढवून आणि नाव बदलून ते ताजमहाल हॉटेलात उतरले होते. पण ओळख लपली नाही. बातमी फुटताच चाहत्यांची गर्दी जमली आणि शांतपणे शिकणे अशक्य झाल्याने गुरू-शिष्य काश्मीरला गेले. रविशंकर यांचे शिष्य शंभू दास यांनी या काळात त्यांना प्राथमिक धडे दिले.

दुसरा मुक्काम संगीताच्या इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरला. जो मसो यांच्या ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये पुन्हा मुंबईत आले आणि फोर्ट भागातील एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रणगृहात त्यांनी काही दिवस काम केले. लंडनमधील सुसज्ज दालनांची सवय असलेल्या या कलावंताला येथे रस्त्यावरील रहदारीच्या आवाजाशी झगडावे लागले. एचएमव्हीचे भास्कर मेनन यांनी त्यांच्यासाठी कलकत्त्याहून स्टिरिओ ध्वनिमुद्रण यंत्र आणवले. आशिष खाँ (सरोद), शिवकुमार शर्मा (संतूर), एस. आर. केंकरे (बासरी), विनायक व्होरा (तारशहनाई), रिजराम देसाड आदी वादक या कामात सहभागी होते. त्यांपैकी अनेकांना हिंदी चित्रपटसंगीताचा अनुभव असल्याने थोडक्या वेळात नेमका सूर देण्यात ते वाकबगार होते.

‘वंडरवॉल म्युझिक’ हा अल्बम नोव्हेंबर १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. बीटल्सपैकी एकाने स्वतःच्या नावावर काढलेला तो पहिला अल्बम होय. म्हणजेच स्वतंत्र कलावंत म्हणून हॅरिसन यांच्या प्रवासाच्या आरंभात मुंबईचा मोठा वाटा होता, असे म्हणण्यास हरकत नाही. याच मुक्कामात ‘दि इनर लाइट’ या गीताचे वाद्यसंगीत मुद्रित झाले. मार्च १९६८ मध्ये ते ‘लेडी मॅडोना’ या तबकडीच्या मागील बाजूस आले. बीटल्सच्या एकेरी तबकडीवर स्थान मिळालेली हॅरिसन यांची ती पहिली रचना होती.

सतार खाली ठेवली, तेव्हा...

त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत हॅरिसन यांनी सतारीचा ध्यास सोडला. ‘तुझी मुळे कोठे आहेत?’ हा रविशंकर यांचा प्रश्न त्यांच्या मनात घर करून होता. भारतात बालपणापासून दिवसाचे कित्येक तास रियाज करणारे असंख्य वादक असताना, विशीनंतर आरंभ करून आपण श्रेष्ठ सतारवादक होणार नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे ओळखले. तीन वर्षांत दुर्लक्षिलेली गिटार त्यांनी पुन्हा हाती घेतली.

हा पराभव नव्हता. गिटारच्या दांडीवरील पडदे स्वरांचे कप्पे करतात. सतारीत तार ओढून एका स्वरातून दुसऱ्या स्वरात अखंड जाता येते. हीच मींड. १९६९ च्या अखेरीस हॅरिसन स्लाइड गिटारकडे वळले. बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारांवरून सरकवली, की पडद्यांचे बंधन सुटते आणि गिटार गळ्यासारखी गाऊ लागते. अमेरिकी ब्लूज वादकांनी हे तंत्र रुजवले होते. हॅरिसन यांनी त्यात आवेशापेक्षा सुरेलपणा आणि नेमकेपणा आणला. मोजके स्वर, प्रत्येकाची काळजीपूर्वक जुळवणी आणि एका स्वरातून दुसऱ्यात जाताना मींडेची आठवण देणारा वळसा, ही त्यांची खूण बनली.

याच सुमारास गीतकार म्हणूनही ते बहरले. ‘ॲबी रोड’ (१९६९) मधील ‘समथिंग’ आणि ‘हिअर कम्स द सन’ ही गीते त्या अल्बममधील सर्वोत्तम गीतांत गणली जातात. परंतु तोवर वेळ टळली होती. जानेवारी १९६९ मध्ये ते काही दिवस वाद्यवृंद सोडून गेलेही होते. एप्रिल १९७० मध्ये बीटल्सचे विघटन जाहीर झाले, तेव्हा त्यांच्यापाशी न वापरलेल्या गीतांचा मोठा साठा होता.

साचलेल्या गीतांचा पूर

नोव्हेंबर १९७० मध्ये ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हा तीन तबकड्यांचा अल्बम प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेत सात आठवडे प्रथम क्रमांकावर राहिला. ज्या शीर्षकगीताच्या तालमी बीटल्सने करून ते बाजूला ठेवले होते, तेच आता अल्बमचे नाव बनले. ‘माय स्वीट लॉर्ड’ या गीतात ख्रिस्ती ‘हालेलुया’चा गजर नकळत ‘हरे कृष्ण’ या नामघोषात मिसळतो. ते अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे प्रथम क्रमांकावर पोहोचले. बीटल्सपैकी एकट्याने मिळवलेले असे हे पहिलेच यश. त्यातील दुहेरी स्लाइड गिटार हा हॅरिसन यांच्या नव्या शैलीचा पहिला ठळक नमुना आहे.

याच गीताने त्यांना दीर्घकाळ मनस्तापही दिला. त्याची चाल ‘द शिफॉन्स’च्या ‘ही इज सो फाइन’ (१९६३) या गीतावरून घेतल्याचा दावा दाखल झाला. १९७६ मध्ये न्यायालयाने ही नक्कल जाणूनबुजून नसून अबोध मनातून घडली असल्याचे म्हटले, तरी उल्लंघन मान्य केले. दरम्यान हॅरिसन यांचेच माजी व्यवस्थापक ॲलन क्लाइन यांनी मूळ गीताचे हक्क विकत घेतल्याने खटला आणखी लांबला आणि तो १९९० च्या दशकापर्यंत रेंगाळला.

बांगलादेशसाठी मैफल

१९७० चे चक्रीवादळ आणि १९७१ चा लष्करी अत्याचार यांमुळे पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते. रविशंकर यांनी व्यथित होऊन मदत मागितली. हॅरिसन यांनी अवघ्या काही आठवड्यांत १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन मैफली घडवून आणल्या. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, लिऑन रसेल, बिली प्रेस्टन यांनी त्यांत भाग घेतला. प्रारंभ मात्र रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ आणि कमला चक्रवर्ती यांनी केला. वाद्ये जुळवून होताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, तेव्हा जुळवणीच इतकी आवडली असेल तर वादन त्याहून आवडावे, अशी मिश्कील अपेक्षा पंडितजींनी व्यक्त केली.

मैफलींतून सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर थेट युनिसेफला मिळाले. अल्बम व चित्रपटाचे उत्पन्न मात्र करविषयक गुंत्यात अडकले, कारण कार्यक्रमाची आगाऊ धर्मादाय नोंदणी झालेली नव्हती. हा धडा कडू होता, पण पुढील काळातील ‘लाइव्ह एड’सारख्या उपक्रमांना मूळ नमुना याच मैफलीने दिला.

उतार, विराम आणि पुनरागमन

१९७४ च्या उत्तर अमेरिकी दौऱ्यात हॅरिसन यांनी रविशंकर यांच्या भारतीय वादकवृंदाला बरोबरीचे स्थान दिले. परंतु त्यांचा आवाज बसला होता, जुनी बीटल्सगीते ऐकण्यास आलेल्या श्रोत्यांची निराशा झाली आणि समीक्षकांनी कठोर टीका केली. त्यानंतर १९९१ मधील जपानच्या दौऱ्यापर्यंत त्यांनी दौरा केला नाही. मधल्या काळात त्यांनी बागकामात मन रमवले आणि चित्रपटनिर्मिती केली. ‘लाइफ ऑफ ब्रायन’ (१९७९) या चित्रपटासाठी त्यांनी फ्रायर पार्क हे राहते घर गहाण ठेवले होते. ‘क्लाउड नाइन’ (१९८७) या अल्बमने ते पुन्हा प्रकाशात आले. पाठोपाठ डिलन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी आणि जेफ लिन यांच्यासह त्यांनी ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज’ हा मित्रांचा वाद्यवृंद स्थापन केला. एकट्याने नाव कमावल्यानंतरही त्यांचे मन संगतीतच रमत होते. १९९७ मध्ये त्यांनी रविशंकर यांच्या ‘चँट्स ऑफ इंडिया’ या अल्बमची निर्मिती केली.

डिसेंबर १९९९ मध्ये घरात शिरलेल्या एका हल्लेखोराच्या चाकूहल्ल्यातून ते बचावले. मात्र कर्करोगाने २००१ मध्ये लॉस एंजलिस येथे वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अपुरा राहिलेला ‘ब्रेनवॉश्ड’ हा अल्बम पुत्र धनी आणि जेफ लिन यांनी पूर्ण करून २००२ मध्ये प्रसिद्ध केला. ‘धनी’ हे नाव आपल्या सरगमातील धैवत व निषाद या दोन स्वरांवरून ठेवलेले आहे. या अल्बममध्ये ‘मारवा ब्लूज’ ही शब्दांविना स्लाइड गिटारवर वाजणारी धून आहे. ती मारवा रागाची शास्त्रशुद्ध मांडणी नव्हे. पण सूर्यास्ताच्या या रागाचे नाव आणि अमेरिकी ब्लूजचे नाव तिने शेजारी-शेजारी ठेवले. तिला २००४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. सतार खाली ठेवून तेव्हा छत्तीस वर्षे झाली होती.