शस्त्र-तिजोरी, घरगुती

परवान्याने बाळगलेली बंदूक, पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर घरात कुलूपबंद ठेवण्यासाठी वापरण्यात येणारी पोलादी पेटी अथवा कपाट. दागिने व दस्तऐवज ठेवण्याची तिजोरी आणि शस्त्र-तिजोरी या एकच समजण्याचा प्रघात असला, तरी दोहोंची कार्ये भिन्न आहेत. पहिलीस चोर व आग यांपासून संरक्षण द्यावयाचे असते. दुसरीस त्यांखेरीज ओल आणि घरातील अजाण हात यांनाही दूर ठेवावे लागते. या दोन गोष्टींची जाण किती जुनी आहे, हे कोकणच्या इतिहासावरून दिसते.

पोर्तुगीज अमदानीत (१५३४–१७३९) वसई प्रांतातील गावे लष्करी सेवेच्या अटीवर जमीनदारांना दिली जात. शस्त्र घरात असणे हे त्या व्यवस्थेचे अंगच होते. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे वसईचा किल्ला शरण आला, तेव्हा शिबंदीला शस्त्रांसह बाहेर पडू देण्यात आले. मराठ्यांच्या बाजूस शस्त्रसाठ्याची काळजी कशी घेतली जाई, याचे सर्वांत बोलके साधन म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्र  ही राजनीती (सु. १७१५). दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा, त्याला तळघर करून आत गच्च करावा, माचावर दारूची मडकी ठेवावी, सर्दी लागू देऊ नये, आणि हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी माल बाहेर काढून उन्ह देऊन पुन्हा मुद्रा करावी, असे त्यात सांगितले आहे. स्फोटक द्रव्य वस्तीपासून वेगळे, कोरडे, आणि उघडणाऱ्या माणसाची जबाबदारी निश्चित केलेले : आजच्या शस्त्र-तिजोरीची तत्त्वे याहून फारशी निराळी नाहीत.

ब्रिटिश अमदानीत हा विचार मागे पडला. १८५७ च्या उठावानंतर निःशस्त्रीकरणाचे धोरण आले आणि १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरविला. सरकारला चिंता होती ती शस्त्र कोणाजवळ आहे याची. ते घरात कोठे व कसे आहे याची नव्हे. स्वातंत्र्यानंतरचा १९५९ चा अधिनियम (१ ऑक्टोबर १९६२ पासून लागू) अधिक उदार होता. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना त्यात स्वतंत्रपणे मान्य झाला. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीन व २०१९ च्या दुरुस्तीने दोनच बंदुका बाळगण्याची मर्यादा आली. घरातील साठवणीकडे मात्र कायद्याचे लक्ष ठळकपणे वळले ते २०१६ च्या शस्त्र नियमांत. परवान्याच्या अर्जदाराकडून शस्त्राचा सुरक्षित वापर व साठवण यांविषयी हमीपत्र घेण्याची तरतूद त्यांत आहे. इंग्लंडमध्ये हंगरफर्डच्या हत्याकांडानंतर (१९८७) कायदा कडक झाला आणि १९९२ मध्ये बंदुकीच्या कपाटासाठी स्वतंत्र ब्रिटिश मानक तयार झाले.

मधल्या काळात भारतीय तिजोरी-उद्योग पुष्कळ पुढे गेला होता. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबाग येथे कुलुपांचा व नंतर तिजोऱ्यांचा कारखाना काढला. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटानंतर या बनावटीच्या तिजोऱ्यांतील कागदपत्रे सुखरूप निघाल्याने त्यांचा लौकिक वाढला. परंतु ही कीर्ती अग्निरोधाची होती. अग्निरोधक तिजोरीच्या दुहेरी पत्र्यांमध्ये स्फटिकजल असणारे द्रव्य भरलेले असते. आगीत त्यातील पाण्याची वाफ होऊन उष्णता शोषली जाते व कागद वाचतो. तोच ओलावा एरवी बंद पेटीत हळूहळू उतरला, तर बंदुकीच्या नळीवर गंज चढतो. कागदाला जी उपकारक, तीच लोखंडाला अपकारक, असा हा विपर्यास आहे.

वसई किल्ल्याजवळच्या सांडोरसारख्या गावात ही अडचण विशेष जाणवण्याजोगी आहे. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि पाण्याने भरलेल्या बागायती वाड्या यांमुळे हवेतील आर्द्रता उतरत नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर अनेक दिवस जलमय होता. तेव्हा तळमजल्यावरील तिजोरी जमिनीपासून उंच ओट्यावर बसविणे येथे आवश्यकच मानावे. जुन्या घरांच्या माती-चुन्यातील विटांच्या भिंतीत विस्तारी बोल्ट धरत नाहीत. शक्यतो काँक्रीटच्या तळाशी तिजोरी जखडावी, पण घराच्या खांबात भोके पाडू नयेत. न जखडलेली हलकी पेटी चोर जशीच्या तशी उचलून नेतो, हे विसरता कामा नये.

निवडताना प्रथम उंची पाहावी. बारा बोअरच्या बंदुकीस आतून सु. १२० सेंमी. वा अधिक जागा लागते. आडवी कोंबलेली बंदूक खराब होते. दारास बाहेरून कापता येईल अशी बिजागरी नसावी व अडसर एकाहून अधिक बाजूंनी बसावेत. भारतीय मानक ५५० हे तिजोऱ्यांविषयी आहे; त्याचे प्रमाणपत्र असलेली वस्तू घेणे श्रेयस्कर. विद्युत्‌-कुलूप सोयीचे असले, तरी दमट हवेत त्याच्या विद्युत्‌घटाची वेळोवेळी तपासणी करावी लागते. साध्या चावीच्या कुलपाला ती भीती नाही, पण चावी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली, तर सारी तिजोरी निरर्थक ठरते. मुलांना ती फळी पहिल्या दिवशी ठाऊक होते. बंदूक रिकामी करून ठेवावी, काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत. आत सिलिका जेलची पुडी ठेवून ती पावसाळ्यात वरचेवर वाळवावी आणि नळीस तेलाचा हात द्यावा.

निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. पिकाच्या राखणीसाठी बंदूक घेतलेल्या कोकणातील शेतकऱ्यास रानडुकरे व माकडे यांच्यापुढे तेव्हा निरुपाय होतो. पोलीस आयुक्तालय असलेल्या क्षेत्रात परवाना-अधिकार आयुक्तांकडे असतात. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय सुरू झाल्यापासून सांडोरच्या परवानाधारकास पूर्वीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याकडे नव्हे, तर तेथे जावे लागते. परवानाधारक मृत्यू पावल्यास वारसाकडे शस्त्र आपोआप येत नाही. ते पोलीस ठाण्यात वा परवानाधारी विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावे लागते, म्हणून तिजोरीची चावी कोठे आहे हे मालकाखेरीज घरातील एका जाणत्या व्यक्तीला तरी माहीत असावे.